परकारभाईंचं अप्रेझल

"वीकनेसचा रकाना नीट भरा. स्ट्रेंग्थ दोन ओळींत आटपा," जनरल मॅनेजर कुरियनसाहेब म्हणाले आणि फॉर्म माझ्याकडे सरकवला.

फॉर्म इस्माईल परकारांचा होता. नव्वदच्या दशकाचा शेवट होता. मस्कतमधल्या आमच्या कंपनीचा धंदा दुकानांना दूध आणि ज्यूस पुरवण्याचा, मी तिथे पर्सोनेल ऑफिसर. कंपनीची क्रिकेट टीम लीगमध्ये खेळायची आणि तिचा पगारी मॅनेजर म्हणजे रत्नागिरीचे परकारभाई. टीम निवडणं, सराव घेणं, कोण कधी बोलिंग टाकणार ते ठरवणं, सगळं त्यांच्याकडे. सलग दोन वर्षं टीम सेमीफायनलला हरली होती. साहेबांना नवा कोच आणायचा होता. त्यासाठी कागदावर कारण हवं होतं.

परकारभाईंचा व्हिसा या नोकरीवर होता. मुलगी मस्कतच्याच वादी कबीर भागातल्या शाळेत दहावीला होती. मी फॉर्म लगेच भरला नाही.

"मला पंधरा दिवस द्या सर. मॅच बघते, मग लिहिते."

"तुम्हाला क्रिकेट कळतं?"

"माणसं कळतात थोडीफार."

शुक्रवारी सकाळी सात वाजता मी ग्राउंडवर गेले. ग्राउंड कसलं, खडी आणि माती, मधे सिमेंटच्या पट्टीवर मॅटिंग. पहिल्या अर्ध्या तासातच परकारभाईंचा एक गुण दिसला. टीममध्ये मल्याळी, पंजाबी, कोकणी, सियालकोटचा एक. कोणाची आदल्या दिवशी डबल ड्यूटी झाली, कोणाचा गुडघा दुखतोय, त्यांना सगळं पाठ. कोणालाही त्या खडीवर डाइव्ह मारू देत नव्हते. पोरं त्यांच्यासाठी जीव टाकून पळत होती.

मग चूक कुठे होती? मी दोन वर्षांच्या स्कोअरबुक्स घरी नेल्या. नवऱ्याने खुणा समजावून दिल्या. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं. आपण हरलो त्या जवळजवळ प्रत्येक मॅचमध्ये आपली बोलिंग नंतर होती. आणि आपला सगळ्यात चांगला बोलर नझीर, त्याच्या पाचही ओव्हर्स सुरुवातीलाच संपवलेल्या. शेवटी मार पडायचा तो कच्च्या बोलर्सना.

परकारभाईंना केबिनमध्ये बोलावलं.

"नझीरच्या ओव्हर्स शेवटासाठी का ठेवत नाही?"

ते म्हणाले, "मॅडम, तो चार तासांवरच्या सूर शहराला माल नेणारी व्हॅन चालवतो. शुक्रवारी दहाला व्हॅन सुटते. साडेनऊला त्याला सोडावंच लागतं."

"हे वर सांगितलं का नाही?"

"काय सांगू? उद्या म्हणतील, खेळासाठी धंदा थांबवायला सांगतो. माझं जाईल ते जाईल, त्या पोराचंही जाईल."

मी त्यांच्यासमोरच सूरच्या एजंटला फोन लावला. शुक्रवारची व्हॅन शनिवारी सकाळी आली तर चालेल का?

एजंट हसला. "शुक्रवारी नमाजानंतर चार वाजेपर्यंत दुकानं बंदच असतात. तुमचा माल गाडीतच पडून असतो. शनिवारी पाठवा, इन्शाल्ला काही अडचण नाही."

इतक्या वर्षांत त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

मी अप्रेझल लिहिलं. स्ट्रेंग्थ पाऊण पान, खाली व्हॅनच्या वेळेची नोंद. वीकनेसही खरे लिहिले: अडचण वर कळवत नाही. एकाच बोलरवर विसंबतो, दुसरा तयार केलेला नाही. परकारभाईंनी वाचलं. चेहरा उतरला. "दुसरा मुद्दा मला लागला मॅडम," म्हणाले, "पण खोटा नाही." आणि सही केली.

कुरियनसाहेबांनी कागद दोनदा वाचला. "म्हणजे चूक आमच्या व्हॅनची?"

"अर्धी, सर. अर्धी त्यांची. ती त्यांनी सहीनिशी मान्य केलीय."

त्यांनी कागदावर सही केली. "हा सीझन देतो. खलास."

व्हॅन शनिवारवर गेली. परकारभाई रोज संध्याकाळी गोदामामागे बिजू नावाच्या लोडरकडून एकाच जागी बॉल टाकून घेऊ लागले. त्या वर्षी सेमीफायनल जिंकली.

फायनलला टॉस हरलो, पहिली बॅटिंग आली. एकशे एकतीस. समोरच्यांना शेवटच्या दोन ओव्हर्समध्ये चौदा हवे होते. नझीरची एकच ओव्हर उरली होती. परकारभाईंनी ती राखली आणि बॉल बिजूकडे दिला. माझ्या शेजारी कुरियनसाहेब ओरडले, "याला का?" बिजूने पाच रन दिले आणि एक विकेट काढली. मग नझीर आला. यॉर्कर, यॉर्कर, बोल्ड. नऊ हवे असताना त्याने ओव्हरभरात पाचच दिले. तीन रननी जिंकलो. सियालकोटचा नझीर आणि त्रिशूरचा बिजू, दोघांनी परकारभाईंना खांद्यावर घेतलं. साहेब बूट धुळीने माखवत मैदानात धावले. मी घसा बसेपर्यंत ओरडले.

नव्या कोचचा विषय पुन्हा निघाला नाही.

पुढच्या वर्षी मी सगळ्यांच्याच अप्रेझल फॉर्मवर एक प्रश्न वाढवला: तुमचं काम कोणामुळे अडतं? सगळ्यात जास्त वेळा आलेलं उत्तर होतं, पर्सोनेल डिपार्टमेंट.