बिल्ले सरळ केले आणि बोट जागची हलेना

"तुमी जाऊन पाहा. मन मानलं तं ठीक, नायी तं पोरीले संगंच घेऊन या," असं बजावून बायकोनं चिवड्याचा डबा हातात दिला. अड्याळचं किराणा दुकान भावावर सोपवून मी निघालो. आमची रोहिणी गावच्या तलावात पोहायला शिकली आणि आता कोकणातल्या एका सागरी संशोधन केंद्रात समुद्राखाली उतरून प्रवाळ मोजते. केंद्र तिला नोकरीत कायम करायला तयार होतं. अडलं होतं ते फक्त आईच्या होकारावर.

एसटीनं भंडारा, मग नागपूर आणि तिथून रेल्वेनं कुडाळ. जाणार असाल तर आरक्षण लवकर करा आणि उशी सोबत न्या, माझी मान अजून दुखते. किनाऱ्यालगत घरगुती खोली दिवसाला आठशेत मिळाली, जेवण वेगळं. सोलकढी पहिल्या घोटाला औषधासारखी लागली, तिसऱ्या दिवशी मी दोन वाट्या मागून घेतल्या.

दुसऱ्या सकाळी त्यांच्या बोटीवर चढलो. पाण्यात उतरणारे सहा जण, तीन जोड्या. बोट सांभाळायला बाबल तांडेल, साठीचा, अंगानं काटक. सिलिंडर तपासणं, दोर धरणं, वाऱ्यावर लक्ष ठेवणं, सगळं त्याच्या नजरेखाली. तो नियम समजावत होता तेव्हा मी पोटातलं पोटात ठेवण्याच्या खटपटीत होतो, त्यामुळे काही ऐकलं नाही.

बोटीवर एक पाटी होती आणि तिच्यावर सहा बिल्ले. एका बाजूला नाव, दुसरी बाजू नुसती लाल. दोन जोड्या वर आल्या, आपापले बिल्ले फिरवून पलीकडे सामान उतरवू लागल्या. दोन बिल्ले मात्र पालथेच. दुकानात डब्यांची नावं समोर नसली की मला चैन पडत नाही. मी दोन्ही सरळ केले.

बाबलचा मदतनीस पाटी पाहून ओरडला, "सहाही वर!"

आता पुढच्या जागी जायचं होतं. बाबलनं किल्ली हातात घेतली, पण फिरवली नाही. एकेकाचं नाव घेऊ लागला. चार आवाज आले. "रोहिणी!" उत्तर नाही.

"नाव दिसता, पण माणूस खंय दिसता?" तो म्हणाला. "तिचो आवाज आयकल्याशिवाय मी इंजिन चालू करूचंय नाय."

लाल म्हणजे अजून पाण्यात, हे मला तेव्हा कळलं. पोर बोटीच्या खाली होती आणि इंजिनाचा पंखाही तिथंच. मी कबूल केलं. बाबलनं किल्ली खिशात टाकली आणि मला पाणी दिलं.

थोड्या वेळानं बुडबुडे आले, मागोमाग दोन डोकी. "रोहिणी, मी वर!" नियमाप्रमाणे स्वतःचं नाव घेऊन पोरगी ओरडली. मग पाटी पाहिली. "बाबा, काहून हात लावला जी तुमी?" मला हसावं की रडावं कळेना. त्या म्हाताऱ्याच्या पाया पडावंसं वाटलं.

घरी बायकोला सगळं सांगितलं, माझ्या चुकीसकट.

"थो मानूस रोज तिचं नाव घेते?"

"रोज. ती स्वतः बोलल्याशिवाय बोट हलत नायी."

"मंग राहू द्या तिले तिथं."

आता रोज दुपारी बायको दुकानात येऊन फोनपाशी बसते. मेसेज तिला चालत नाही. घंटी वाजते, ती एवढंच विचारते, "रोहिणी?"

"मी वर, आई."

मग आम्ही जेवायला बसतो.