देशाचे आकडे सांभाळणारे तात्या

देशात काहीही घटलं की ते आपल्यामुळेच घटलं, असं आमच्या तात्यांना वाटायचं. सांगलीजवळ कुपवाडला वडिलांनी उभा केलेला पंपांच्या सुट्या भागांचा छोटा कारखाना मी चालवते, आणि तात्या त्याच्या गेटवर वॉचमन होते. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, मूळचे खटाव तालुक्यातले. त्यांच्या पत्नी, आमच्या काकी, गावी असायच्या आणि हे विश्रामबागेत भाच्याकडे राहायचे. सकाळी माझी गाडी आत शिरली की आधी सलाम आणि मग रिपोर्ट: शेअर बाजार पडला, रुपया पडला, गाड्यांचा खप पडला, गेटवर सगळं ठीक. बँकेचा फोन यायच्या आत माझं तोंड कडू करण्याचं काम ते रोज चोख बजावायचे.

बाकीची माणसं बातम्या ऐकून सरकारला शिव्या देतात आणि चहा पितात. तात्या बातमीला हुकूम समजायचे. मोबाईलवर टीव्हीच्या बातम्या लावून तो स्टुलावर टेकवायचे आणि समोर ताठ बसायचे. सूट घालून इतक्या जोरात बोलणारा माणूस कोणीतरी अधिकारीच असणार, याबद्दल त्यांना शंका नव्हती. हे आकडे सगळ्या देशाचे असतात, तुम्हाला उद्देशून नसतात, असं मी एकदा समजावून पाहिलं. त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "आवं ताई, समदेच असं म्हनाय लागले तर आकडा हालंल कसा?" एवढं अर्थशास्त्र ऐकून मी फाइल उचलली आणि आत गेले.

लोकांनी बिस्किटंसुद्धा खायची कमी केली, अशी बातमी आली तेव्हा आमच्यावर आभाळ कोसळलं. तात्यांनी पिशवीभर पुडे आणले. सकाळी बिस्किटं, जेवणानंतर बिस्किटं, ट्रकवाला बिल द्यायला आला तर सहीच्या आधी बिस्किट. लेथवरचे सलीमभाई मिरजेचे, मुळात कमी बोलणारे. त्यांनी घरी जाताना खिशातले पुडे गेटबाहेरच्या कुत्र्याला द्यायला सुरुवात केली. पुढे पुढे कुत्रंही तात्यांना बघून पलीकडच्या कारखान्याकडे सरकायला लागलं.

मग वाहनविक्री घटली. तात्यांनी पेन्शनीतून लाल स्कूटर आणली. फौजेत त्यांनी डोंगरातून ट्रक चालवले होते, पण दुचाकीवर त्यांचा तोल काही राहत नसे. स्कूटर गेटवर कापड घालून उभी राहिली आणि ते सायकलनेच येत राहिले. चालवायची नव्हती तर घेतली कशाला, असं विचारलं तर म्हणाले, खप वाढवायचा होता, फिरायचं नव्हतं.

महागाई कमी झाल्याची बातमी घेऊन ते एकदा बाजारात गेले आणि भाजीवालीला मोबाईल दाखवून वांग्याचा भाव उतरवायला सांगू लागले. त्या टीव्हीवाल्यालाच वांगी विकायला बसव, मी उठते, असं ती म्हणाली. तात्या वांगी न घेता परतले. बाई बोलायला वाईट, पण तिच्यापर्यंत वरचा हुकूम पोहोचलेला दिसत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. खरा घोटाळा झाला तो लोकांची बचत घटल्याचं कळल्यावर. त्या दिवशी ते फारच वैतागले होते. "खर्च करा म्हनत्यात, केला तर बचत न्हाई म्हनून रडत्यात. एका तोंडानं बोला की गड्या," असं ते मोबाईलला ऐकवत होते.

आम्ही हसत होतो, पण आमचंही काही बरं चाललं नव्हतं. मागणी निम्म्यावर आली होती, एक लेथ नुसता पुसून ठेवला होता. एक पगार कमी केला नाही तर दिवाळीनंतर शेडच बंद करावी लागेल, हे मला हिशेबनिसाने स्पष्ट सांगितलं होतं. सलीमभाईंशिवाय काम चालणार नव्हतं. तात्यांशिवाय पितळेचं भंगार दिवसाढवळ्या गेलं असतं. राहिला ड्रिलवरचा संतोष. सगळ्यांत शेवटी लागलेला, नुकतं लग्न झालेलं, बायकोला सातवा महिना. शनिवारी त्याला सांगायचं मी ठरवलं आणि तोंडावर खोटं हसू घेऊन आठवडाभर वावरले.

शुक्रवारी संध्याकाळी तात्या ऑफिसात आले. गणवेशाचा शर्ट घडी करून त्यांनी टेबलावर ठेवला आणि त्यावर एक भलंमोठं नवं कुलूप. आता कुलपांचा खप घटला की काय, म्हणून मी कपाळाला हात लावला.

"संतोषला काढलं तर देशात एक बेकार वाढतोय," ते म्हणाले. "मी पेन्शनवाला मानूस. मला काढलं तर त्या आकड्यात मी धरलाच जात न्हाई. कुनाला काढायचं, ह्यात इचार करन्यासारखं काय हाय?"

हिशेबनिसाने गेटवर तोंड उघडलं म्हणून मी आधी चिडले, मग मला रडू आलं. त्यांनी दोन्हींकडे लक्ष दिलं नाही. भंगाराच्या खोलीला लावायचं ते कुलूप कसं उघडायचं ते दाखवलं, किल्ल्या दिल्या. स्कूटर संतोषला दिली. बायकोला मिरजेला दवाखान्यात न्यायला लागेल, एवढंच त्याला सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते एसटीने गावी गेले. त्यांना सोडायला स्टँडवर आम्ही सगळे गेलो होतो, आणि सलीमभाईंनी त्यांच्या हातात बिस्किटांचा पुडा ठेवला तेव्हा आम्ही चौघंही अगदी वेड्यासारखे हसलो.

वर्षभराने मागणी थोडी वाढली. मी तात्यांना फोन केला. तुमचा आणि संतोषचा, दोन्ही पगार ओढूनताणून का होईना निघतील, परत या, मंदी संपली, असं सांगितलं.

"टीव्हीवर तर अजून काय सांगितलं न्हाई," तात्या म्हणाले. "सांगितलं की येतो."

त्यानंतर मी दर महिन्याला फोन करायचे आणि दर महिन्याला टीव्हीवर अजून काही आलेलं नसायचं. मी खूप भांडले. मंदी आल्याचं सांगतात, गेल्याचं कोणी सांगत नाही, हे परोपरीने पटवलं. ते ऐकून घ्यायचे आणि वाट बघू म्हणायचे.

मागच्या उन्हाळ्यात तात्या गेले. मी आणि संतोष त्यांच्या गावी गेलो. काकींशेजारी बसून मी म्हटलं की त्या मेल्या बातम्यांपायी हट्टी माणूस कामावर परत आला नाही.

"कसल्या बातम्या, ताई?" काकी म्हणाल्या. "हितं आल्यापास्नं त्यांनी बातम्या लावल्याच न्हाईत, टीव्हीवर न्हाई की मोबाईलवर न्हाई. म्हयना भरला की ह्या संतोषला फोन लावायचे आन् पगार झाला का रं, एवढं इचारायचे."