मला प्लाट कळत होतं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही, आणि माझं काही आपल्यापासून लपत नाही असा त्याचा समज आहे. तुम्हाला का सांगतेय? कदाचित तुम्ही हिनर्कला ओळखत नाही म्हणून.

उत्तर जर्मनीच्या किनाऱ्यावरून समोरच्या बेटावर जाणाऱ्या हॉवरक्राफ्टवर मी इंजिनिअर होते. हवेच्या गादीवर चालणारी बोट — खाली रबरी झालर, तिच्यात हवा कोंडली की ओहोटीच्या चिखलावरूनही सुसाट. ती झालर — इंग्रजीत तिला स्कर्टच म्हणतात — धड ठेवणं माझं काम. नागपूरहून आई फोनवर म्हणायची, "बोटीचे परकर शिवायला एवढी शिकलीस होय गं?"

लाटा जरा उंच झाल्या की फेरी रद्द. डिझेल फार, आवाज फार, झालर सारखी फाटायची. खवळलेल्या समुद्रावरून अशा बोटी बहुतेक ठिकाणी कधीच हटल्या होत्या. आमची आपली हौसेची चाचणी.

हिनर्क कॅप्टन. तिथली जुनी माणसं आपसात प्लाट बोलतात — किनाऱ्यावरची बोली, शाळेतल्या जर्मनपेक्षा वेगळीच. मला ती त्यानेच शिकवली, हिवाळाभर, पत्ते खेळता खेळता. हरणाऱ्याने प्लाटमध्ये शिवी द्यायची, असा नियम होता.

त्या सकाळी वारा होता, आणि बोटीत नगरपालिकेची मंडळी — सेवा चालू ठेवायची की नाही ते ठरवणारी. झालरीच्या एका शिवणीला वीतभर चीर गेलेली मी पाहिली होती. फेरी रद्द झाली असती तर — सेवा गेली असती, नोकरी गेली असती, नोकरीवर टिकलेला व्हिसाही. चालेल, म्हटलं मनाशी. आपलं ते 'चालेल' ठाऊक आहे ना तुम्हाला?

हिनर्कने खिडकीतून खाली वाकून विचारलं, "हॉल्ट द श्यॉर्ट?" — झालर टिकेल ना?

मी धक्क्यावरून म्हटलं, "यो." हो.

अर्ध्या वाटेत झालर फाटली. बोट धाडकन पाण्यावर बसली आणि लाटांनी झोडपली. एका म्हाताऱ्या बाईंच्या खुब्याचं हाड मोडलं. त्या पुन्हा नीट चालल्या नाहीत.

इथवरचं मी कधीतरी कुणाला सांगितलंही असतं. पुढचं —

चौकशीत विचारलं, कॅप्टनचा प्रश्न कळला होता का? मी म्हटलं, प्लाट मला येत नाही. काहीतरी रामराम असेल असं वाटून हो म्हटलं. चिरेचं सांगायला जाणारच होते, तेवढ्यात त्याने बोट काढली. आम्ही भारतीय न कळताही मान डोलावतो, हेही हसून जोडलं. त्यांना लगेच पटलं. पटेल हे ठाऊक होतं, म्हणूनच तर म्हटलं.

हिनर्क समोरच बसला होता. माझा व्हिसा कशावर टिकलाय ते त्याला माहीत होतं. तो एवढंच म्हणाला, "बरोबर आहे. मी जर्मनमध्ये विचारायला हवं होतं." मला लाज वाटली का? वाटली. सुटल्यासारखंही वाटलं — ते जास्त.

त्याचा परवाना गेला. सेवाही बंद पडली. ती तशीही पडली असती. त्याचा परवाना गेला नसता.

माझ्यावर ठपका नव्हता, म्हणून मला दुसरीकडे नोकरी मिळाली, व्हिसाही टिकला. मागच्या उन्हाळ्यात लेकीला बेट दाखवायला नेलं, भरतीची वाट बघत थांबणाऱ्या साध्या बोटीने. तिकिटं तपासायला हिनर्क. प्लाटमध्ये सगळ्यांनाच अरे-तुरे असतं, मलाही तो तसंच बोलायचा. मी प्लाटमध्ये विचारलं, कसा आहेस. त्याने तिकिटं पाहिली आणि स्वच्छ जर्मनमध्ये, एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "तुम्ही वर बसा. खाली पाणी उडतं."

लेकीने जर्मनमध्येच विचारलं — ते इतकं सावकाश का बोलले, आई? तुला तर कळतं ना?

आम्ही वर जाऊन बसलो.