विनतानं पासवर्ड दिला नाही

आमच्या ह्यांना तोंडावर नाही म्हणणारी माणसं जबलपुरात दोनच. एक मी, दुसरी विनता.

हे म्हणजे डॉक्टर बापूसाहेब. शहरातल्या ओमती भागात त्यांची रक्ततपासणीची लॅब आहे आणि विनता तिथे रिपोर्ट टाइप करते. वय पंचेचाळिशीचं, चष्मा कायम नाकावर घसरलेला, आणि हट्ट असा की धरला की सुटायचं नाव नाही.

गेल्या वर्षी लॅबच्या सर्व्हरमध्ये, म्हणजे सगळ्यांचे रिपोर्ट साठवणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये, कुणीतरी बाहेरून शिरलं, रिपोर्ट कुलूपबंद केले आणि खंडणी मागू लागलं. शिरायला अक्कल लागलीच नसेल. पासवर्ड होता 'नर्मदा'! आमच्या गावात कुणाला दुसरं काही सुचतं का? चहावाल्यालाही तो पाठ होता.

रिपोर्ट गेले ते गेलेच. बाहेरगावी, कुंडमला, लॅबचं रक्ताचे नमुने गोळा करायचं केंद्र आहे. तिथल्या पेशंटांना पुन्हा रक्त द्यावं लागलं. एक गरोदर बाई तर बसचे धक्के खात थेट लॅबमध्ये आली. विनतानं तिला पाणी दिलं आणि माझ्याकडे येऊन ढसाढसा रडली.

ह्यांनी फर्मान काढलं, "आता सगळं कागदावर. कुंडमचं केंद्र बंद."

"सर, मी शिकते," विनता म्हणाली. "दसऱ्यापर्यंत थांबा. नाही जमलं तर करा बंद."

"तू? अगं, प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी मला आवाज देते तू!"

"देत होती. आता नाही देणार."

आणि बाई शिकायला बसली. मोबाइलवर हिंदीतले धडे लावायचे, घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर सर्व्हर उभा करायचा, मोडायचा, पुन्हा उभा करायचा. केबलमधल्या रंगीत तारा क्रमानं बसवता बसवता कितीदा वरण करपलं. लॅबच्या नव्या सर्व्हरवर तिनं घरी बसून फायरवॉल लावली. फायरवॉल म्हणजे कुणाला आत घ्यायचं ते ठरवणारा पहारेकरी. तिनं सगळी दारं बंद केली, आणि ज्या दारानं स्वतः शिरली होती तेही. मग घरून आत शिरता येईना, म्हणून धावत ओमतीला लॅबमध्ये.

"चोरासाठी कुलूप लावलं अन् किल्ली आतच!" हे पोट धरून हसले.

"हसा सर. चूक समजली ना मला," म्हणत ती पुन्हा कामाला लागली.

दसऱ्याला सर्व्हर सुरू झाला. कुंडमची माहिती सुरक्षित येऊ लागली. रोज सगळ्याची एक प्रत वेगळ्या डिस्कवर जाऊ लागली. प्रत्येकाला स्वतःचा पासवर्ड मिळाला. ह्यांनी मुख्य पासवर्ड मागितला.

"रिपोर्ट पाहायला तुमचा पुरते, सर. मुख्यवाला नाही देणार."

"काहून? मालक मी आहे!"

"मालक आहात, पण भोळे आहात. कोणी घाबरवलं की सांगून टाकाल."

घरी येऊन ह्यांनी थयथयाट केला. "उद्याच काढतो तिला!"

"काढा. मग सर्व्हर मी सांभाळू का?" मी विचारलं. ह्यांनी तिला काढलं नाही, पण बोलणं मात्र टाकलं. ती निमूटपणे काम करत राहिली. मला तिची काळजी वाटत होती, उगाच कशाला लपवू?

दिवाळीनंतर जेवताना ह्यांना फोन आला. समोरचा घाईघाईनं हिंदीत बोलत होता, आवाज मलाही ऐकू येत होता. सर्व्हरमध्ये शिरकाव झालाय, मी कंपनीतून बोलतोय, मुख्य पासवर्ड सांगा, नाहीतर पाच मिनिटांत सगळे रिपोर्ट उडतील. ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. नवऱ्याला मी ओळखते. ठाऊक असता तर त्यांनी दोनदा सांगितला असता.

"भैया, मेरे पास होता तो अभी दे देता," हे काकुळतीनं म्हणाले. "हमारी विनता मुझे भी नहीं देती. उसी का नंबर लिखो."

समोरच्यानं फोन कापला. "कंपनीवाला नव्हताच तो!" ह्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम ह्यांच्याबरोबर लॅबमध्ये गेले. विनता कुंडमचे रिपोर्ट पाठवत होती. हे तिच्या टेबलापाशी उभे राहिले, घसा खाकरला.

"विनता, यापुढे मी मागितला तरी मला पासवर्ड देऊ नको."

तिनं मान वर केली नाही.

"देणारच नव्हती, सर."