हँडब्रेकवरचे धागे

मुलांनो, दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी आजोबांच्या जुन्या पांढऱ्या गाडीत ब्रेकचा लाल दिवा लागला आणि विझेचना. दिवा एवढासा, पण आजोबांचा चेहरा पार उतरला. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांनी तुमच्या बाबांना शब्द दिला होता: ब्रेकची शंका आली की गाडी विकायची. गाडी गेली की डोंगरकडा गावी अंथरुणावर असलेल्या मित्राकडे दर गुरुवारी जाणेही गेले.

"इतक्यात पोराला सांगू नकोस," ते मला म्हणाले.

मिस्त्रींना बोलावले. या गाडीचे काम आधी त्यांचे वडील करत. त्यांनी ब्रेक ऑइल पाहिले, ते भरलेले होते. गल्लीच्या टोकापर्यंत गाडी नेऊन दाबून ब्रेक मारले. हँडब्रेकही खालीच दिसत होता.

"ब्रेक बराबर हायेत, साहेब. दिवाच तकलीफ देऊन राहिला. वायर काढून टाकू का?"

"मग खरंच ब्रेक गेले तर सांगणार कोण?"

"काकू हायेत की! तुमचं चुकलं की लगेच सांगतेत."

मी शेजारच्या सीटवर होते. हसत उतरताना माझ्या हाताचा भार हँडब्रेकवर पडला आणि दिवा विझला. हात काढला, पुन्हा लागला.

मग तिघांनी वाकून पाहिले. आजोबा दर दसऱ्याला पूजा झाली की हँडब्रेकच्या बुडाशी लाल धागा बांधतात. पूजेचा धागा काढायचा नाही म्हणून जुन्यावर नवा. त्याचा एवढा जाड गठ्ठा झाला होता की यंदाच्या गाठीने दांडा पुरता खाली बसेना, आणि हँडब्रेक ओढलेलाच आहे असे धरून दिवा लागून राही.

मिस्त्रींनी ब्लेड काढले आणि थांबले. "पूजेचं हाय. तुमीच काढा, साहेब."

आजोबांनी ब्लेड घेतले नाही. नखांनी एकेक गाठ सोडवत बसले. सर्वांत खालचा धागा गाडी घरी आली त्या दिवशीचा, तुमचे बाबा तेव्हा माझ्या कडेवर होते. तो मात्र त्यांनी राहू दिला. दांडा टक्कन खाली बसला, दिवा विझला.

संध्याकाळी त्यांनी स्वतःच बाबांना फोन करून सगळे सांगितले. बाबा आधी रागावले, मग खूप हसले. "गुरुवारी जा, पण आईला बरोबर न्या," म्हणाले.

मी गेले. वाटभर माझी नजर त्या दिव्यावरच.

"अगं, रस्त्याकडे बघ," आजोबा म्हणाले, "म्हैस आली, ती सांगितली नाहीस."