पायाळूची लाथ
म्हशीची धार काढून उठताना कमरेतून टाचेपर्यंत कळ गेली आणि मी भरल्या बादलीशेजारी वाकलेलीच अडकले. उसण भरली म्हणून धाकटी जाऊ एका पायाळू माणसाला घेऊन आली. पायाकडून जन्मलेल्याची लाथ बसली की उसण जाते, असं आमच्याकडं मानतात. त्यानं पाय उचलला. "ए बाबा, पाय खाली! मी बी पायाळूच हाय. माझ्या लाथंनं आजवर एक माणूस बरा झाला न्हाय." "मग अशाच मरताय व्हय, अक्का?" जाऊ ओरडली. "रिक्षा बोलीव," मी म्हटलं. जयसिंगपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, मणक्याची गादी सरकली आहे, ऑपरेशन नको, पण व्यायाम सोडायचा नाही. घरच्यांनी म्हैस विकायला काढली. मी दाव्याला हात लावू दिला नाही. शेणाच्या वासात, पोत्यावर पडून, शिव्या देत व्यायाम केला. कंबर अजून कुरकुरते, पण आजही धार मीच काढते.