नाकासमोरून तपासलेलं विमान

चहा जरा सावकाश प्या. मी जे सांगणार आहे त्यावर तुम्ही हसणार, आणि ठसका लागला की पुन्हा माझ्याच नावाने बोंब! माझी फजिती झाली, हे आधीच कबूल करून टाकतो. नाहीतर ती तुम्हाला नीलाकडून कळेलच, आणि ती तिखटमीठ लावून सांगते. मी वार्ताहर माणूस. मी फक्त मीठ लावतो.

नीला म्हणजे आमची सौ. जन्मभर एका आर्किटेक्टकडे नकाशे काढले. निवृत्त झाल्यावर माणूस काय करतं? तीर्थयात्रा करतं, गुडघे दुखवून घेतं. हिने लढाऊ विमान बांधलं! दुसऱ्या महायुद्धातलं स्पिटफायर, रिमोटवर उडणारं, हलक्या बाल्सा लाकडाचं, दोन हात रुंद. दादरच्या आमच्या घरात अख्खा पावसाळा जेवणाच्या टेबलावर ते विमान आणि आमची ताटं मांडीवर. एकदा माझ्या आमटीचा एक थेंब पंखावर उडाला, तर घरात अशी शांतता पसरली की शेजारच्यांनी येऊन विचारलं, सगळं ठीक आहे ना!

उड्डाणाच्या आदल्या दिवशी ती रंगाचा शेवटचा हात देत म्हणाली, "हे पडलं ना, तर पुन्हा दुसरं होणार नाही. एवढ्या बारीक कामाला आता माझे डोळे नाहीत."

अगदी सहज म्हणाली. म्हणूनच मला जास्त लागलं. मनाशी ठरवलं, या विमानाला काही होऊ द्यायचं नाही. आणि मी एखादी गोष्ट मनाशी ठरवली की काय होतं, हे माझ्या सगळ्या संपादकांना विचारा.

शिवडीला खाडीकडे, गोदामांच्या मागे एक मोकळं मैदान आहे. परवानगी मी रीतसर काढली होती. आयुष्यभर लोकांच्या बेकायदा मजल्यांवर लिहिलं, आता माझीच बायको बेकायदा उडणार होय?

सकाळी पोचलो. नीलाने पंख जोडले, बॅटरी लावली आणि उतरायच्या जागी दगडधोंडे आहेत का ते बघायला पुढे गेली. "तोवर हलवून बघ रे सगळं," जाता जाता म्हणाली.

आता एवढं समजून घ्या. पंखांच्या मागच्या कडेला दोन हलत्या पट्ट्या असतात. रिमोटची दांडी उजवीकडे केली की उजव्या पंखाची पट्टी वर जाते, डाव्याची खाली, आणि विमान उजवीकडे कलतं. सोपं आहे. शेंबड्या पोरालाही कळेल.

मी विमान समोर ठेवलं. त्याच्या नजरेला नजर भिडवली. उभ्या हयातीत मी मंत्र्यांची तपासणी अशीच केली आहे, समोर बसून, डोळ्यांत डोळे घालून. दांडी उजवीकडे केली.

डावी पट्टी वर!

पुन्हा केली. पुन्हा डावीच! काय सांगू, अंगावर काटा आला. एवढी हुशार बाई, जन्म नकाशांत गेला, आणि तारा उलट्या लावून बसली! आणि होणारा घात मी टाळला! रिमोटच्या पडद्यावर दिशा उलटी करायची सोय असते. मी ती वापरली. आता दांडी उजवीकडे, पट्टी उजवी वर. झकास! नीलाला सांगून ऐन वेळी हिरमोड कशाला? मोठ्या मनाने गप्प बसलो.

ती परत आली. "बघितलंस नीट?"

"बिनधास्त उडव."

मी विमान वाऱ्यावर फेकलं. काय उठलं म्हणता! गोदामांच्या वर गेलं, उन्हात पंख चमकले. नीला लहान मुलीसारखी हसत होती. आणि मग ते डावीकडे कलायला लागलं.

"अरे, मी उजवीकडे देतेय आणि हे आणखी डावीकडे चाललंय!"

माझ्या डोक्यात वीज चमकली. पट्ट्या तर मी स्वतः सुधारल्या होत्या! म्हणजे बिघाड बाहेरचा. कोणीतरी आमच्या रिमोटच्या लहरींत ढवळाढवळ करतंय!

इकडे तिकडे बघतो तर कठड्यावर एक गृहस्थ, हाफ पँट, कानाला मोबाइल, नजर आमच्या विमानावर. रंगेहाथ! मी धावत गेलो.

"बंद करा तो फोन! ताबडतोब!"

"काय झाला ओ साहेब?"

"कोणाशी बोलताय?"

"बायकोशी."

"काय बोलताय?"

"बोंबील आणू की मांदेली, ता इचारतंय!"

"हे मला सांगू नका! कोणी बसवलंय तुम्हाला इथे? बिल्डरने?"

"डॉक्टरान बसवल्यान. शुगर हा. फिरान झाला, आता बसलंय!"

तोवर फोनमधून बाईंचा आवाज, "कोण मेलो बोंबलता तो?" मी फोन हिसकावला आणि ठणकावलं, "बाई, तुमच्या यजमानांमुळे एक विमान कोसळतंय!" पलीकडून अशी किंकाळी आली की माझ्याच कानात दडे बसले. ते गृहस्थ कपाळाला हात लावून म्हणाले, "मेल्या, हार्टाची पेशंट ती!"

मागून नीला ओरडली, "जरा गप्प बसाल का दोघं? मला उलटा विचार करायचाय!"

मी वळून पाहिलं. विमान आडवं होऊन खाडीच्या चिखलाकडे चाललेलं. आता दांडी उजवीकडे दिली तर ते डावीकडे जात होतं, म्हणून ही बाई शांतपणे डावीकडे देत होती आणि ते सरळ होत होतं! ओठ दातांत, डोळे बारीक. एक वळण, दुसरं वळण. विमान खाली आलं, गवतात पोटावर घसरलं आणि थांबलं. पुढचा पंखा तेवढा मोडला. तो सामानाच्या पेटीत दुसरा होता.

नीला मटकन खाली बसली. मग रिमोटच्या पडद्याकडे बघितलं.

"हे उलटं कोणी केलं?"

"मीच," मी छाती काढून म्हणालो. "तुझं चुकलं होतं. दांडी उजवीकडे, तर डावी पट्टी वर जात होती."

"तू कुठे उभा होतास?"

"समोर. नाकासमोर!"

"आणि समोरच्या माणसाचा उजवा हात तुझ्या कुठल्या बाजूला येतो?"

मी हात वर केला. खाली घेतला. दुसरा वर केला.

तेवढ्यात फोनवर बायकोची समजूत घालून ते गृहस्थ जवळ आले. विमानाभोवती अदबीने एक चक्कर मारली. "वैनी, ह्या तुम्ही केलात? झ्याक हा हो!" मग माझ्याकडे बोट दाखवून हळूच विचारलं, "आणि हे कोण?"

नीलाने माझ्याकडे पाहिलं. 'माझा नवरा' असं तिच्या ओठांवर आलं होतं, मी शपथेवर सांगतो. पण तिने ते गिळलं.

"हे होय? पेटी उचलायला आणलेत."

मी पेटी उचलली.